माझगावहून ताइशानला: पणजोबांचं गाव शोधण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटलं असेल तर कळेल. तुमचे पणजोबा १९३० च्या दशकात चीनहून मुंबईला आले, माझगावात राहिले, गोदीत सुतारकाम करायचे. घरात त्यांचा एक फोटो आहे, चिनी अक्षरं असलेलं एक जुनं पाकीट आहे आणि गावाचं नाव म्हणून 'टोयशान' एवढा एक शब्द. आजोबांचा जन्म मुंबईतलाच, आता पंच्याऐंशीच्या पुढचे. "लढाईत आपलं सगळं गेलं" एवढंच म्हणतात आणि उठून जातात. तुम्हाला आठ दिवसांची रजा मिळतेय. त्यात तिकडे जाऊन गाव शोधायचं, युद्धात घरच्यांचं काय झालं ते समजून घ्यायचं. हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी ग्वांगझूमध्ये दुभाषाचं काम करते. सुरुवात आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसोबत झाली. पुढे बाहेरदेशी वाढलेली चिनी कुटुंबं आपलं मूळ गाव शोधायला यायची, त्यांच्यासोबत जाऊ लागले, आणि आता बराचसा वेळ त्यातच जातो. त्यामुळे खाली जे सांगतेय ते ग्वांगडोंग प्रांताच्या त्या पट्ट्यापुरतं आहे. कुटुंब फूच्यानचं किंवा हुबेईचं असतं तर काही गोष्टी वेगळ्या सांगितल्या असत्या.

तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधलेत. गाव कुठलं, हा एक. युद्धात काय झालं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक मुंबईतच आहे. दुसऱ्याचं अर्धं उत्तर तुमच्या आजोबांकडे आहे, आणि ते कुठल्या लढाईबद्दल बोलतायत हे तुम्ही अजून त्यांना विचारलेलं दिसत नाही. विमानाचं तिकीट या दोन्हींनंतर काढा.

आधी गाव. 'टोयशान' म्हणजे आजचं ताइशान. १९१४ पर्यंत त्याचं नाव शिननिंग होतं, त्यामुळे जुन्या कागदावर ते दिसलं तर गोंधळू नका. ताइशान, कायपिंग, एनपिंग आणि शिनह्वे हे चार परगणे मिळून 'सी-याप'. तुमच्या माझगावातलं, डॉकयार्ड रोडजवळचं चिनी देऊळ याच लोकांनी १९१९ च्या सुमारास उभारलं. पणजोबांचं सुतारकाम आणि गोदी हेही याच्याशी जुळतं. भारतात आलेल्या चिनी लोकांमध्ये धंद्यावरून मुलूख बऱ्यापैकी ओळखता येतो: चामडं आणि जोडे म्हणजे बहुतेक मेइश्यानकडचे हाक्का समाजाचे लोक, दाताचे वैद्य म्हणजे हुबेईचे, सुतार आणि जहाजावरचे कारागीर म्हणजे कँटन (ग्वांगझूचं जुनं नाव) आणि सी-यापचे. याला अपवाद असतात, पण तुमच्याकडे शब्द, धंदा आणि वस्ती तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत.

फक्त ताइशान हे गाव नव्हे. तो एक अख्खा परगणा आहे आणि त्यात हजारो वाड्या आहेत. एकेका वाडीत एकाच आडनावाची माणसं, आणि त्याच आडनावाच्या आणखी शंभर वाड्या आजूबाजूला. ग्वांगझूत उतरून 'ताइशानचे वोंग' म्हणून विचारणं म्हणजे कोल्हापूर स्टँडवर उतरून 'पाटलांचं घर कुठंय' विचारण्यासारखं आहे. त्यात 'वोंग' हा उच्चार दोन वेगळ्या आडनावांचा असू शकतो. मंदारिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, एक ह्वांग, दुसरं वांग, अक्षरं वेगळी, कुळं वेगळी. तसंच 'न्ग' म्हणजे वू, 'मोय' म्हणजे मेइ, 'सेतो' म्हणजे सितू. मुंबईच्या कारकुनाने कानाला आलं ते इंग्रजीत लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर तेच चढलं. त्या स्पेलिंगवरून चीनमध्ये काहीही सापडत नाही. चिनी अक्षरं हवीत.

ती अक्षरं सगळ्यात खात्रीने मिळतात थडग्यावर. पणजोबा मुंबईत वारले असतील तर अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत आधी जा. सी-यापच्या माणसाच्या थडग्यावरचा मजकूर उभा, उजवीकडून डावीकडे कोरलेला असतो. मधल्या ओळीत मोठ्या अक्षरात नाव. उजवीकडच्या बारीक ओळीत बहुतेक वेळा प्रांत, परगणा आणि खाली वाडीचं नाव. डावीकडे मृत्यूची तारीख. वर्ष बऱ्याचदा चिनी प्रजासत्ताकाच्या गणतीत असतं, त्यात १९११ मिळवायचे: ३१ वं वर्ष म्हणजे १९४२. महिना-तिथी चांद्र असू शकते, म्हणून महानगरपालिकेच्या मृत्यूनोंदीशी महिना जुळला नाही तर घाबरू नका.

फोटो काढायला सकाळी लवकर जा, ऊन तिरपं पडत असताना. त्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दगड कोरडा आणि फिकट असेल तर त्यावर साधं पाणी शिंपडा, ओली अक्षरं गडद होतात. खडू घासू नका, साबण-ब्रश तर मुळीच नको. उजवीकडची ओळ खालपर्यंत दिसेल असा एक वेगळा फोटो घ्या, कारण वाडीचं नाव तळाला असतं आणि नेमकं तेच गवतात, मातीत दबलेलं असतं. गवत हाताने बाजूला करा.

शेजारची थडगीही पाहा. त्याच वाडीचं नाव दुसऱ्या दगडावर दिसलं तर ते घर तुमच्या भावकीतलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांची नातवंडं मुंबईत नाहीतर टोरांटोत असतील. बायकांच्या दगडावर बहुधा नवऱ्याचं आडनाव आणि माहेरचं आडनाव एवढंच असतं, स्वतःचं नाव नसतं. पणजीच्या माहेरचा शोध म्हणूनच अवघड जातो.

दुसरी वस्तू ते पाकीट. गावाहून मुंबईला आलेलं असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावर असणार. त्या काळी परदेशातली कमाई आणि घरची खुशाली एकाच पाकिटातून जायची. हाँगकाँगच्या पेढ्या आणि गावोगाव फिरणारे निरोपे ती पोचवत, आणि पैसे मिळाल्याची पोच उलट यायची. अशा पत्रांचा संग्रह २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेला. तुमच्याकडचं पाकीट त्याच जातीचं असावं. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, आतला कागद जबरदस्तीने उलगडू नका, प्लास्टिकमध्ये तर ठेवूच नका. आपल्या दमट हवेत कागद त्यात चिकटतो.

तिसरी वस्तू म्हणजे सरकारी कागद. चिनी वंशाच्या लोकांना पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत असे. ते नोंदणीपुस्तक कपाटाच्या तळाशी कुठेतरी असतं. त्यावर जन्मस्थान असतं, कधी नुसतं 'कँटन', कधी त्याहून नेमकं.

आता आजोबा. इथे माझं मत ठाम आहे. चीनला जाण्याआधी त्यांच्याजवळ बसा. ते 'लढाई' म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्या एका शब्दात असू शकतात.

एक, जपानशी झालेलं युद्ध. आपल्याकडे त्याचं नाव निघालं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. पण त्यांचं काम उत्तर चीनमधलं. सी-यापमध्ये युद्ध वेगळ्या रूपात आलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये ग्वांगझू पडलं, १९३९ च्या वसंतात शिनह्वे आणि च्यांगमेन गेलं, आणि ताइशानवर १९४१ पासून जपानी फौजा पुन्हा पुन्हा येत-जात राहिल्या. खरा घाला मात्र २५ डिसेंबर १९४१ ला बसला. त्या दिवशी हाँगकाँग पडलं आणि परदेशातून येणाऱ्या पैशाची मुख्य वाट बंद झाली. हा मुलूख स्वतःपुरतं धान्य पिकवणारा नव्हताच. आग्नेय आशियातला तांदूळ विकत घ्यायचा आणि मुलाने, नवऱ्याने पाठवलेल्या पैशावर घर चालवायचं, असा तिथला संसार. पैसा थांबला, बाहेरचा तांदूळ थांबला, त्यात १९४३ ला पाऊस पडला नाही. त्या वर्षीच्या दुष्काळात घरंच्या घरं रिकामी झाली. मुलं विकली गेली, बायका दुसऱ्या मुलखात निघून गेल्या. बंदुकीपेक्षा भुकेने जास्त माणसं गेली. तुमचे पणजोबा त्या काळात माझगावात होते, हातात मजुरी होती, पण पाठवायला वाट नव्हती आणि घरचं पत्रही येत नव्हतं. युद्ध संपल्यावर पहिलं पत्र आलं त्यात काय होतं, हा प्रश्न आजोबांना जरूर विचारा. लहानपणी त्यांनी वडिलांना ते पत्र वाचताना पाहिलं असेल.

दोन, १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट. व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाज उडालं आणि आसपासची वस्ती जळाली. गोदीत राबणाऱ्या घरातल्या चार-सहा वर्षांच्या पोराच्या लेखी तीच लढाई. "आकाश लाल झालं, आम्ही पळालो" अशी आठवण ऐकून नातवंडं ती चीनमधली समजतात, असं मी पाहिलंय.

तीन, १९६२ चं भारत-चीन युद्ध. मला वाटतं तुमच्या आजोबांच्या गप्प बसण्याचं कारण इथे असावं. वय पाहा: जपानी युद्ध संपलं तेव्हा ते लहान होते आणि मुंबईत होते. १९६२ ला विशीच्या पुढचे, कमावते. त्या वर्षी भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात आसाम आणि उत्तर बंगालचे लोक जास्त होते. मुंबईकरांपैकी पुष्कळ जण छावणीत गेले नाहीत, पण पोलिसांत हजेरी, गाव सोडायला परवानगी, गिऱ्हाईक तुटणं, दुकान मिळेल त्या किमतीला काढणं हे त्यांनीही सोसलं. शेवटचे लोक देवळीतून १९६७ ला सुटले. ज्या माणसाला तरुणपणी आपल्याच शहरात 'शत्रू' ठरवलं गेलं, तो त्यावर मोकळेपणाने बोलत नाही, विशेषतः नातवंडांना पुन्हा तसला त्रास नको म्हणून. हे मराठीत, आपल्या माणसांसमोर सांगणं त्यांना आणखी जड जात असेल. त्यांच्यावर जोर करू नका. पण "आजोबा, तुम्ही जपानच्या लढाईबद्दल सांगताय की बासष्टच्या?" एवढा साधा प्रश्न विचारायला हरकत नाही. पुष्कळदा तेवढ्यानेही वाट मोकळी होते, कारण समोरच्याला बासष्ट ठाऊक आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळतं.

याचा शोधाशीही थेट संबंध आहे. देवळीतले लोक आणि त्यांच्या घरचे मिळून दोन हजारांहून अधिक जणांना १९६३ मध्ये जहाजांनी चीनला पाठवलं गेलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना मूळ गावी न सोडता ग्वांगडोंग, ग्वांगशी, युन्नानमधल्या परत आलेल्यांसाठीच्या सरकारी शेतवसाहतींवर वसवलं. आजोबांचा एखादा भाऊ किंवा चुलता 'चीनला गेला' असेल तर वाडीत त्याचा पत्ता लागणार नाही. अशा वसाहतीवर लागेल, आणि तिथे कुणीतरी म्हातारं माणूस अजून हिंदी बोलत असेल.

प्रश्न कसे विचारायचे यावरही थोडं. "युद्धाबद्दल सांगा" म्हटलं की माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर टीव्हीवरच्या मालिकेतलं सांगतो. ताइशानजवळच्या एका वाडीत नव्वदीच्या घरातल्या एका आजींकडे मी एका कुटुंबासोबत बसले होते. युद्ध म्हटल्यावर त्या "मी लहान होते, आठवत नाही" म्हणाल्या. मग कुटुंबातल्या सुनेने विचारलं, त्या वर्षी चुलीवर काय शिजायचं? आजींनी पायाशी पडलेली काटकी घेतली आणि केळीचा कंद कुठून कापायचा, किती पाण्यांतून काढायचा म्हणजे घशाला खाजत नाही, ते जमिनीवर आखून दाखवायला लागल्या. त्यातून धाकटी बहीण आली, तिला घेऊन गेलेला माणूस आला, तो कुठल्या दिशेला गेला ते आलं. तिथले म्हातारे 'युद्ध' म्हणत नाहीत, 'जपान्यांपासून पळायचे दिवस' म्हणतात. म्हणून विचारायचं ते असं: पळून कुठल्या डोंगरात गेलात, धान्य कुठे पुरलं, म्हैस कुणाच्या हवाली केली, घराला कुलूप कुणी लावलं, परत आल्यावर कोण नव्हतं. आणि विचारून झालं की थांबा. त्यांना रडू आलं तर कॅमेरा खाली ठेवा.

हे करायला फार काळ उरलेला नाही. १९४३ ला सात वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीत आहे. म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' हे मी कुणालाच सांगत नाही. दफनभूमी आणि पाकीट याला दोन-तीन रविवार पुरतात.

आता प्रवास. वाडीचं नाव अक्षरांत मिळालं की सोपं आहे. ग्वांगझूहून ताइशानला थेट रेल्वे आहे. खरी अडचण बोलीची. ग्वांगझूहून नेलेला मंदारिनचा दुभाषा वाडीतल्या म्हाताऱ्यांसमोर तुमच्याइतकाच मुका असतो, आणि शहरी कँटनी येणाऱ्यालाही ताइशानी बोली नीट कळत नाही. मीसुद्धा तिथे एखादा स्थानिक माणूस सोबत घेते, शक्यतो निवृत्त शाळामास्तर. त्यांना बोलीही येते, जुनी अक्षरंही वाचता येतात, आणि वाडीत त्यांना मान असतो. परगण्याच्या ठिकाणी परदेशस्थ चिनी लोकांसाठीचं सरकारी कार्यालय असतं. तिथे महिनाभर आधी अक्षरं, थडग्याचा फोटो आणि घराण्याची माहिती पाठवली तर बहुतेक वेळा ते गावसमितीशी गाठ घालून देतात. कधी उत्तरच येत नाही. हे तिथल्या माणसावर अवलंबून आहे.

वाडीत कुळाचं देऊळ आणि वंशावळीचं पुस्तक या दोन गोष्टी पाहायच्या. पुष्कळ वंशावळी १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत जाळल्या गेल्या, काही भिंतीत चिणून वाचल्या, काही हाँगकाँग-अमेरिकेतल्या प्रतींवरून १९८० नंतर पुन्हा छापल्या. शांघायच्या ग्रंथालयात त्यांचा सगळ्यात मोठा संग्रह आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पुष्कळ पुस्तकांची पानं फुकट पाहता येतात, म्हणून हाही शोध निघण्याआधी घेऊन ठेवा. पुस्तकात पणजोबांचं थडग्यावरचं नाव दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका. लग्नाच्या वेळी पुरुषाला वेगळं नाव मिळायचं आणि वंशावळीत बहुधा तेच असतं. पिढीचं अक्षर जुळतंय का ते पाहा: एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर समान असतं, आणि त्या अक्षरांचा क्रम कुळाने आधीच ठरवलेला असतो.

मनाची तयारी ठेवावी अशी एक गोष्ट सांगते. त्या पुस्तकात पणजोबांच्या नावाशेजारी तुम्ही कधी न ऐकलेल्या बायकोचं आडनाव असू शकतं. परदेशी जाण्याआधी लग्न लावून देण्याची रीत होती, आणि समुद्र बंद झाल्यावर अनेकांनी दुसरीकडे दुसरा संसार मांडला. ती बाई त्या दुष्काळात वाडीतच होती. तिची मुलं-नातवंडं तिथे असतील तर ती तुमचीच माणसं. पण ती आनंदाने भेटतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. आजोबांना हे कळवायचं की नाही ते घरात आधी बोलून ठेवा.

शिवाय वाडीत पाऊल ठेवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, विचारायची वाट न पाहता, सांगून टाका की घर-जमिनीवर हक्क सांगायला आलो नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जमीनवाटप झालं तेव्हा परदेशात माणूस असलेली पुष्कळ घरं जमीनदार ठरवली गेली, घरं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. आज त्या घरात राहणाऱ्याला तुमचं येणं धास्तीचं वाटतं. हे एक वाक्य बोललं की दारं उघडतात. फळं, मिठाई न्या, देवळात उदबत्ती लावा, वृद्धांना लाल पाकिटात थोडे पैसे द्या. फोटो मोबाइलवर दाखवू नका, मोठे छापून न्या, मागे अक्षरांत नाव लिहून. म्हाताऱ्या डोळ्यांना हातात धरता येणारा फोटो लागतो. कोटणीसांचं नाव चीनमधल्या जुन्या पिढीला ठाऊक आहे. भारतातून आलोय म्हटल्यावर ते निघालं तर तुम्ही त्यांच्या मुलखाजवळचे आहात हे सांगा, गप्पा तिथून सहज पुढे सरकतात.

कधी जावं? एप्रिलच्या ४-५ तारखेला छिंगमिंग, पितरांची थडगी झाडायचा सण. शहरात गेलेले लोक तेव्हा वाडीत येतात, म्हणून भावकी भेटायला तो काळ उत्तम. पण ऐन सणाला कुणाला बोलायला सवड नसते. तिकडे थडग्यांवर जाणं महिनाभर चालतं, तेव्हा सणानंतरच्या आठवड्यात पोचा. ते जमलं नाही तर नोव्हेंबर-डिसेंबर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा, तो टाळा. तिकडचा उन्हाळा, म्हणजे जून ते सप्टेंबर, वादळांचा.

आठ दिवस पुरतात, पण सगळे वाडीत घालवायचे नाहीत. पहिले दोन दिवस च्यांगमेन आणि ताइशानमध्ये काढा: परदेशस्थ चिनी लोकांचं संग्रहालय, सरकारी कार्यालय, मास्तरांशी ओळख. मग एक दिवस कायपिंगच्या बुरुजघरांना द्या. परदेशी कमाईतून, दरोडेखोर आणि पुराच्या भीतीने बांधलेले हे उंच बुरुज २००७ साली जागतिक वारसा झाले, १,८३३ अजून उभे आहेत. छिकानजवळचा दक्षिण बुरुज चुकवू नका. जुलै १९४५ मध्ये, जपान शरण येण्याच्या महिनाभर आधी, सितू कुळातल्या सात जणांनी तो कित्येक दिवस लढवला. पकडले गेल्यावर त्यांना मारून टाकलं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहिल्यावर वाडीत ऐकलेलं जास्त समजतं.

त्यानंतरचे तीन दिवस वाडीसाठी, आणि तेही सलग नकोत. पहिल्या भेटीत चहा आणि ओळख होते, कुणी काही सांगत नाही. मध्ये एक दिवस जाऊ द्या. तुम्ही परत गेल्यावर रात्री ती माणसं आपसांत बोलतात, कुणाला तरी मावशी आठवते, कुणी शेजारच्या वाडीत फोन करतं. दुसऱ्या भेटीला तुमची वाट पाहत एखादी नवी म्हातारी बसलेली असते. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवा, कारण ती म्हातारी तुम्हाला भलत्याच गावी पाठवेल आणि तिथे जावं लागेल.